ऐतिहासिक मालिकेच्या रिसर्चमध्ये यायचंय? मग हे वाचा

इतिहासात एमए करणारी बरीच मुलं विचारतात की मालिकेच्या रिसर्च टीममध्ये नेमकं काय काम असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मी शिवकालीन विषयांवर काम केलंय त्यामुळे उदाहरणं तिथलीच.

पहिले काही महिने तुम्हाला फक्त वस्तूंबद्दल विचारतील. पंगतीत बटाट्याची भाजी चालेल का (नाही, टोमॅटोही नाही), पगडी कुठली, चपला कशा. हे लवकर जमतं. गडाच्या शॉटकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण ड्रोनने आजचा रायगड शूट करून तोच 1674 चा म्हणून लावायची फार घाई असते, आणि ती पडझड बरीचशी 1818 च्या इंग्रजांच्या तोफमाऱ्याची आणि आगीची आहे. राज्याभिषेकाच्या वेळी गड नवा कोरा होता, तसाच दिसला पाहिजे!

तारखा हा वेगळा ताप. शकेत 78 मिळवले की साधारण इसवी सन मिळतं, पण पोर्तुगीज 1582 पासून नवीन कॅलेंडर वापरत होते आणि इंग्रज थेट 1752 पर्यंत जुनंच, त्यामुळे एकाच घटनेची तारीख दोघांच्या पत्रांत दहा दिवसांनी वेगळी दिसते. जंत्री, म्हणजे तिथीवरून इंग्रजी तारीख काढायची कोष्टकं, बघायला शिका, आणि जमलं तर मोडीसुद्धा, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन बसायची सवय लावून घ्या.

पण खरं काम माणसं उभी करण्याचं आहे आणि तिथे रिसर्चवाल्याने गप्प बसू नये असं मला मनापासून वाटतं. चुकीची पगडी प्रेक्षक आठवड्यात विसरतो, चुकीचा माणूस पिढ्यानपिढ्या डोक्यात राहतो. संभाजी महाराजांचंच बघा. कितीतरी वर्षं नाटकांतून व्यसनी, उतावळा राजपुत्र असंच चित्र दिसलं, आणि त्यामागे मोठा हात मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीचा. ती लिहिली गेली 1810 च्या आसपास, म्हणजे महाराजांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी, आणि लिहिणाऱ्याचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांनीच 1681 मध्ये देहदंड दिला होता. हे माहीत नसताना बखर वाचली तर तुम्ही ते सगळं सरळ स्क्रीनप्लेमध्ये उतरवाल. 1960 मध्ये वा. सी. बेंद्र्यांचं चरित्र आलं तेव्हा कुठे हे चित्र नीट बदलायला लागलं, आणि बुधभूषण हा संस्कृत ग्रंथ लिहिणारा राजा लोकांना दिसायला लागला. म्हणून कुठलंही साधन हातात घेतलं की कोणी लिहिलं, कधी आणि कोणाच्या पदरी राहून, हे आधी बघा.

दुसरी बाजूही आहे. नायक धुऊन काढला की कोणालातरी खलनायक करावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा सोयराबाईंच्या वाट्याला येतं. काजळ, तिरकी नजर, पार्श्वसंगीत. अहो पण 1680 च्या एप्रिलमध्ये दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवण्यात अण्णाजी दत्तोंसारखे मुरलेले कारभारी होते, आणि सोयराबाईंचे स्वतःचे भाऊ सरसेनापती हंबीरराव मोहिते त्यांना सोडून संभाजी महाराजांच्या बाजूने गेले. एका बाजूला बहीण आणि भाचा, दुसऱ्या बाजूला स्वराज्याचा थोरला वारस, यापेक्षा मोठा सीन लेखकाला हवाय तरी कशाला? हे मीटिंगमध्ये ठामपणे मांडा, चॅनलवाले ऐकतात, कारण त्यांनाही ड्रामाच हवा असतो.

माझी पद्धत सांगतो. प्रत्येक सीनच्या नोटमध्ये तीन रंग वापरतो, एक पत्रात किंवा समकालीन साधनात असलेल्या गोष्टींना, दुसरा नंतरच्या बखरीत किंवा परंपरेत आलेल्या, तिसरा आपण रचलेल्या. कल्पना करायला हरकत काहीच नाही, घरातलं बोलणं कोण लिहून ठेवणार, पण लेखकाला कळलं पाहिजे की तो कुठल्या रंगात लिहितोय. नोट एका पानाची ठेवा, डेलीसोपच्या गडबडीत दहा पानं कोणी वाचत नाही. नोट डायलॉग लिहिण्याआधी गेली पाहिजे, शूट झाल्यावर कळवलेली चूक कोणी दुरुस्त करत नाही.

आणि कामाला लागण्याआधी पैसे एपिसोडमागे की महिन्याचे, आणि टायटलमध्ये नाव जाणार का, हे लेखी घ्या.