अमेरिकेतलं सीपीएल भारतात बदलून घेताना

अमेरिकेत कमर्शियल पायलट लायसन्स (सीपीएल) काढून परतणाऱ्यांना धास्ती असते ती डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, परीक्षांची. खरं तर परदेशी लायसन्स असलेल्याला पेपर दोनच: एअर रेग्युलेशन्स, आणि नेव्हिगेशन-मेटिऑरॉलॉजीचा एकत्रित. पासिंग 70 टक्के, निगेटिव्ह मार्किंग नाही. अर्ज अडतो तो लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, आणि तोवर तुम्ही अमेरिका सोडलेली असते.

डीजीसीएला उड्डाणाचे एकूण 200 तास लागतात. त्यात पीआयसी (पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी तुमच्यावर) 100, क्रॉस कंट्री (एका विमानतळावरून दुसरीकडे) पीआयसी 20, इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणं पाहून उडणं) 10 आणि रात्रीचे पीआयसी 5, तेही 10 टेकऑफ-लँडिंगसह. तिकडे पार्ट 61 या अमेरिकी नियमाखाली 250 तास करावेच लागतात, त्यामुळे एकूण आकडा भरतो. गोची पीआयसीची. प्रायव्हेट लायसन्स मिळाल्यावर इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेला असला, तरी कंट्रोल्स तुमच्या हातात म्हणून अमेरिकी नियम तो वेळ पीआयसी धरतो. आपल्याकडे तो ड्युअल, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबतचा. रात्रीच्या 5 तासांचंही तसंच: तिथे सोलोऐवजी इन्स्ट्रक्टरला सोबत घेऊन ते करता येतात, इथे ते बाद. म्हणून पहिल्या दिवसापासून 'डीजीसीए पीआयसी' असा वेगळा रकाना आखा आणि विमानात तुम्ही एकटे असाल तेवढाच वेळ त्यात लिहा.

क्रॉस कंट्रीच्या 20 तासांत 300 सागरी मैलांचं एक उड्डाण लागतं; त्यात दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबा. टच अँड गो (चाकं टेकवून लगेच पुन्हा उडणं) चालत नाही.

अमेरिकी लॉगबुक दशांशात असतं. 1.3 म्हणजे 1 तास 18 मिनिटं. 1 तास 30 मिनिटं नव्हेत. शंभर नोंदींत ही चूक झाली की बेरजा कुठेच जुळत नाहीत.

मेडिकल मात्र जाण्याआधीच उरका: आधी क्लास 2, मग क्लास 1, दोन्ही भारतातलीच. अमेरिकी मेडिकल इथे धरत नाहीत. इथे अनफिट ठरायचंच असेल, तर ते फी भरण्यापूर्वी कळलेलं बरं.

युरोपचा विचार असेल तर हिशेबच वेगळा. एटीपीएलचे (एअरलाइन पायलटच्या लायसन्सचे) 13 पेपर, प्रत्येकात 75 टक्के, एका पेपरला चारच संधी, आणि सगळे 18 महिन्यांत. अमेरिकी लायसन्स दाखवून एकही पेपर सुटत नाही. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनचे पेपरही वेगळे.

शेवटी नाव तपासा. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी, पासपोर्टवर क्रम निराळा, अमेरिकी लायसन्सवर तिसराच. पासपोर्टमध्ये दुरुस्ती करायची असेल तर ती लायसन्स काढण्याआधी करा.