सेफ्टी राउंड घेताना या चुका टाळा

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा कापायच्या-दाबायच्या मशीनच्या विभागात, बोटं कशी जातात हे कुणाला नव्याने सांगावं लागत नाही. तरी महिन्याच्या सेफ्टी राउंडचा कागद बघा, सगळीकडे 'ओके'. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

पहिली चूक सांगून जाण्याची. "उद्या अकराला राउंड आहे" असा निरोप गेला की सकाळीच पॅसेजमधले बिन हलतात, फरशीवरच्या तेलावर भुसा पडतो, सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल येतात. न सांगता जा, आणि तिसऱ्या पाळीत किंवा डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलताना जा. गार्ड उघडे असतात ते सेटिंगच्या वेळी. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील फिरत राहतं, म्हणून रॅमखाली (प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या भागाखाली) सेफ्टी ब्लॉक, म्हणजे तो खाली येऊ न देणारा ठोकळा, लावलाय का ते वाकून बघा. मेन स्विचला कुलूप असेल तर किल्ली कुणाच्या खिशात आहे तेही विचारा. ती आत हात घालणाऱ्याच्याच खिशात हवी.

दुसरी चूक मला जास्त महाग पडली असती. एका प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची दोन बटणं होती, म्हणजे स्ट्रोकच्या वेळी दोन्ही हात डायच्या बाहेर. त्यातलं एक चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलेलं. मी लिहिलं, 'ऑपरेटरला समज दिली', आणि मुद्दा बंद केला. पुढच्या महिन्यात चिकटपट्टी गेली होती, तिच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा! मग अर्धा तास तिथेच उभा राहिलो. कापलेल्या पत्र्याचा तुकडा पंचला (डायच्या वरच्या, पत्रा कापणाऱ्या भागाला) चिकटून वर जात होता आणि दर दोन-चार स्ट्रोकला डाव्या हाताने ओढून काढावा लागत होता. टार्गेट गाठायचं तर एक हात मोकळा हवाच. टूल रूमने स्ट्रिपर (पंचला चिकटलेला पत्रा सोडवणारा भाग) दुरुस्त केला, ऑपरेटरला लांब चिमटा दिला. इलेक्ट्रिशियनने टू-हँड रिले बसवला: दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत सोबत दाबायची, दर स्ट्रोकनंतर दोन्ही सोडायची, नाहीतर प्रेस हलतच नाही. ट्यूब पुन्हा दिसली नाही. तोच मुद्दा तिसऱ्यांदा आला तर माणसाला बोलण्याआधी त्याचं काम बघा.

चेकलिस्टचे प्रश्नही फसवे असतात. 'फायर एक्स्टिंग्विशर आहे का?' आहे की, खोक्यांच्या मागे. काहीही न हलवता हात पोचतो का, काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिन आणि सील जागेवर आहे का, असं विचारा. अर्थ लीकेज ब्रेकर (करंट गळला की सप्लाय तोडणारा) नुसता बसवलेला असून भागत नाही. टेस्ट बटण दाबल्यावर पडला पाहिजे. बेंच ग्राइंडरच्या वर्क रेस्ट (जॉब टेकवायची पट्टी) आणि चाकातली फट 3 मिमीच्या आत हवी. चाक झिजतं तशी ती वाढते आणि जॉब आत खेचला जातो, म्हणून ती महिन्यातून एकदा मोजून उपयोग नाही. रोज वापरणाऱ्यालाच गेज देऊन ठेवा.

पीपीईच्या (हातमोजे, गॉगल अशा संरक्षक साधनांच्या) नादात ड्रिलवाल्याला हातमोजे घालायला लावणारे साहेबही मी पाहिलेत. फिरत्या ड्रिलमध्ये मोजा अडकला की हातासकट आत जातो.

शेवटी लिहिण्याबद्दल. 'वायरिंग सुधारावे' या वाक्यावर कुणीच काम करत नाही. 'प्रेस 4 च्या मागची केबल सोललेली, इलेक्ट्रिशियन, शुक्रवारपर्यंत, तोवर सप्लाय बंद' असं लिहा. हात जाईल असं काही दिसलं तर कागद नंतर, आधी मशीन थांबवा. प्रॉडक्शनवाले ओरडतील, ओरडू द्या. ऑपरेटरचं नाव मात्र रिपोर्टमध्ये घालू नका, मशीनचा नंबर पुरे. मी एकदा नाव घातलं होतं. त्यानंतर दोन महिने त्या लाइनवर मला कुणी काही सांगितलं नाही.