इंग्रजी वाक्य अर्धवट राहतंय? या चुका टाळा

'आय कुड नॉट अटेंड द क्लास. बिकॉज द बस वॉज लेट.'

मराठीत 'मी वर्गाला येऊ शकलो नाही. कारण बस उशिरा आली.' असं लिहिलं तर कुणी हटकत नाही. इंग्रजीत मात्र दुसरा तुकडा अर्धवट ठरतो. 'बिकॉज' लागलं की ते गौणवाक्य होतं, त्याला मुख्य वाक्य हवंच. मधला पूर्णविराम काढा, नाहीतर 'बिकॉज' काढा. नुसतं 'द बस वॉज लेट' पूर्ण वाक्य आहे. 'व्हेन', 'इफ', 'ऑल्दो' यांचंही तेच.

'ऑल्दो'चं वाक्य जोडताना आणखी एक घोळ होतो. जीभेवर 'जरी-तरी' बसलेलं असतं, म्हणून 'ऑल्दो इट रेन्ड, बट वी प्लेड' असं लिहिलं जातं. 'ऑल्दो' ठेवा किंवा 'बट', दोन्ही नकोत.

सगळ्यात चिवट चूक अर्जांत आणि ऑफिसच्या पत्रांत सापडते. शेवटी हमखास 'होपिंग फॉर अ फेव्हरेबल रिप्लाय.' आणि पूर्णविराम. 'होपिंग' क्रियापदासारखं दिसतं खरं, पण मागे 'अ‍ॅम' किंवा 'वॉज' नसेल तर त्याच्यावर वाक्य उभं राहत नाही. जुन्या पत्रांत याच्यापुढे स्वल्पविराम देऊन 'आय रिमेन, युवर्स फेथफुली' लिहीत, म्हणजे वाक्य सहीपाशी पुरं होई. 'आय रिमेन' गेलं, आधीचा तुकडा तेवढा उरला. त्यापेक्षा सरळ 'आय होप टू हिअर फ्रॉम यू सून' लिहावं. 'द रीझन बीइंग हेवी रेन' यातही 'बीइंग'च्या जागी 'वॉज' हवं.

'उद्या येईन' यात 'मी' सांगावा लागत नाही, क्रियापदावरूनच कळतो. 'विल कम टुमॉरो'मध्ये कोण येणार ते कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर खपेल, अर्जात नाही.

वाक्याच्या लांबीवर जाऊ नका. 'बर्ड्स फ्लाय' दोन शब्दांतही पूर्ण आहे, आणि तीन ओळींचा मजकूर क्रियापदाविना लटकलेला असू शकतो. शंका आली तर तुकड्याआधी 'इज इट ट्रू दॅट' लावून मोठ्याने वाचा. 'इज इट ट्रू दॅट द बस वॉज लेट?' नीट लागतं. 'इज इट ट्रू दॅट बिकॉज द बस वॉज लेट?' म्हटलं की पुढे काय, असं वाटतं; तिथेच चूक सापडली. प्रश्न आणि आज्ञा यांना ही कसोटी लावू नका. 'स्टॉप!' एकट्याने पूर्ण आहे, त्यातला 'यू' गृहीत असतो.