फोन भरलाय? ॲप कार्डवर हलवा
फोन सारखा जागा संपल्याचं सांगत असेल तर आधी मोठे गेम मेमरी कार्डवर न्या. सेटिंग्ज, ॲप्स, हवं ते ॲप, मग स्टोरेज. तिथे ‘चेंज’ दिसलं की एसडी कार्ड निवडा. ते बटणच नसेल तर तुमच्या फोनवर ते ॲप हलत नाही, उगाच शोधत बसू नका. ज्याचं विजेट (घड्याळ, हवामान दाखवणारा असा छोटा चौकोन) होमस्क्रीनवर लावलंय ते ॲप फोनमध्येच राहू द्या, नाहीतर विजेट गायब होतं.

कार्ड मात्र बघून घ्या. त्यावर बारीक अक्षरांत ‘ए१’ (A1) छापलेलं असावं, म्हणजे कार्डावर सेकंदाला किमान १५०० वेळा वाचन, ५०० वेळा लेखन. साध्या कार्डवरचं ॲप उघडताना फार रखडतं. आणि ॲप हलवल्यावर चालू फोनमधून कार्ड काढू नका.