संतोषाधिक्याचा उगम: इतिहासाकडून सिद्धान्ताकडे

अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात येणारे बहुतेक विद्यार्थी 'उपभोक्त्याचे संतोषाधिक्य' मागणी वक्राखालचा (भाव आणि मागणी यांचा संबंध दाखवणाऱ्या रेषेखालचा) त्रिकोण म्हणून ओळखतात. मलाही ते आधी तसेच शिकवले गेले, परंतु त्याचा अर्थ उमगला तो आर्थिक विचारांच्या इतिहासाच्या अभ्यासात ज्यूल द्युप्वी यांच्या १८४४ च्या निबंधापाशी थांबल्यावर.

द्युप्वी हे फ्रान्सच्या रस्ते-पूल विभागातील अभियंते होते आणि सरकारी पैशातून बांधलेल्या पुलाचा किंवा कालव्याचा समाजाला किती लाभ होतो, हे त्यांना मोजायचे होते. त्यांच्याआधी फ्रेंच अभियंते नाविए यांनी कालव्यावरील एकूण वाहतुकीला दर टनामागे वाचणाऱ्या खर्चाने गुणले होते. द्युप्वींनी दाखवले की हा आकडा फुगलेला आहे, कारण भाडे उतरल्यामुळेच जो माल नव्याने वाटेला लागला, त्याच्या मालकाने जुने भाडे कधीच दिले नसते. ग्राहक जास्तीत जास्त जे द्यायला तयार होता आणि त्याने प्रत्यक्ष जे दिले, त्यांतील फरक हा त्याचा लाभ, म्हणजेच आजचे संतोषाधिक्य, असे त्यांनी मांडले. त्यामुळे ज्या पुलावर पथकर नाही, तो तिजोरीत काहीच न भरताही सर्वाधिक उपयोगिता (लोकांना मिळणारे समाधान) देऊ शकतो. मला याहून मोलाचा वाटतो तो त्यांचा पुढचा निष्कर्ष: करामुळे वाया जाणारी उपयोगिता साधारणपणे कराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे कर दुप्पट केला की हानी चौपट होते. करविषयक पाठ्यपुस्तकांत आजही हाच नियम शिकवला जातो.

१८७१ मध्ये फ्लीमिंग जेन्किन या ब्रिटिश अभियंत्यानेही करभाराची चर्चा करताना मागणी वक्राखालच्या त्रिकोणाचीच आकृती वापरली. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांच्या 'प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स'मधील चहाचे उदाहरण मात्र कागद-पेन्सिल घेऊनच वाचावे. पहिल्या पौंड (वजनाच्या) चहासाठी २० शिलिंग (जुने ब्रिटिश नाणे), पुढे १४, १०, ६, ४, ३ आणि २ शिलिंग देण्याची ग्राहकाची तयारी आहे. भाव २ शिलिंग असताना तो सात पौंड घेतो, ५९ शिलिंगांचे समाधान मिळवतो, १४ मोजतो आणि ४५ त्याच्या पदरात उरतात.

या हिशेबात पैशाची सीमांत उपयोगिता, म्हणजे हाती असलेल्या आणखी एका शिलिंगाचे ग्राहकाला वाटणारे मोल, स्थिर मानली आहे. चहावरचा खर्च उत्पन्नाच्या मानाने किरकोळ असल्याने ते चालते. गरीब कुटुंबाच्या धान्याला तेच गृहीतक लावता येत नाही. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन हिक्स यांनी पुढे उपयोगिता मोजण्याऐवजी, भाव बदलल्यावर ग्राहकाला पूर्वीइतकेच समाधानी ठेवणारी भरपाईची रक्कम का मोजली, हे इथून पाहिले की सहज कळते. म्हणून त्यांचे लेखन मार्शलनंतरच हाती घ्यावे.