जुन्या जीपला कार्ब्युरेटर कसा निवडायचा

कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. पुण्याच्या नाना पेठेत जाऊन ‘जीपचा कार्ब्युरेटर दाखवा’ म्हटलं की काउंटरवर तीन-चार वेगवेगळे नग येतात आणि प्रत्येकाबद्दल ‘हाच बसतो’ असं सांगितलं जातं. अ‍ॅडॅप्टर प्लेट केली की बसतात सगळेच. गाडी सिंहगडाच्या घाटात किंवा मुळशीकडच्या कच्च्या वाटेवर लो गिअरमध्ये चढत असताना त्यातला कोणता नग इंजिन चालू ठेवेल, हे मात्र दुकानात कुणी सांगत नाही. निवड त्याच कसोटीवर करायची.

इंजिनाचं कॉम्प्रेशन, टॅपेट आणि टायमिंग ठीक आहे, मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरपासून इंजिनात जाणारी वाट) कुठे फटीतून हवा ओढत नाही, एवढं आधी उरकलेलं आहे असं मी धरून चालतो.

आता आकार. इंजिनाला मिनिटाला किती हवा लागते, ते आधी काढा: इंजिनाचे लिटर गुणिले आरपीएम, भागिले दोन, गुणिले ०.८. सीजे-३बी या जुन्या जीपमधलं हरिकेन इंजिन २.२ लिटरचं आणि खरं काम ४,००० आरपीएमपर्यंतचं. हिशोब येतो मिनिटाला साधारण ३,५०० लिटर हवा, म्हणजे सुमारे १२५ सीएफएम (मिनिटाला घनफूट). १,२९८ सीसीच्या कार्ब्युरेटरवाल्या मारुती जिप्सीचं ६,००० आरपीएमला ११० सीएफएमच्या आसपास येतं. अमेरिकेतल्या व्ही-८ वाल्यांचं वाचून अशा इंजिनावर ३५० सीएफएमचा डबल बॅरल (हवेच्या दोन वाटांचा) कार्ब्युरेटर चढवायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. व्हेंचुरी, म्हणजे कार्ब्युरेटरच्या घशाचा अरुंद भाग, मोठी झाली की कमी आरपीएमला तिच्यातून हवा संथ जाते, नोझलमधून (घशात पेट्रोल सोडणाऱ्या नळीतून) पेट्रोल नीट उचललं जात नाही, आणि दगडातून हळू चढताना, १,२०० आरपीएमला, गाडी मिसिंग करते. हमरस्त्यावर पिकअप वाढल्यासारखा वाटेल, पण जीप काय हमरस्त्यासाठी ठेवली आहे?

सीजे-३बी ला मुळात कार्टरचा वायएफ हा सिंगल बॅरल होता. माझं स्पष्ट मत आहे: या इंजिनाला सिंगल बॅरलच ठेवा. इनटेक मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला आहे, त्यामुळे दुसऱ्या बॅरलचा फारसा फायदा होत नाही. चांगल्या अवस्थेतला कार्टर किंवा त्याच मापाचा सोलेक्स, दोन्ही चालतील. जिप्सीला वेबरचा ३२/३६ आवडणारे बरेच आहेत आणि त्यांचं चुकत नाही. त्यात पहिलं बॅरल २६ मिमीच्या व्हेंचुरीचं असतं आणि दुसरं थ्रॉटल बराच दाबल्यावरच उघडतं, त्यामुळे हळू चालताना हवेचा वेग टिकतो. चोक साधा, केबलचा घ्या. पुण्याच्या हवेत ऑटोमॅटिक चोकची गरज पडत नाही.

खरी मेख फ्लोट चेंबरमध्ये आहे, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या टाकीत, जिथे तरंगणारा फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो. याच टप्प्यावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आहे, आणि सगळ्यात वाईट सल्लेही इथेच मिळतात.

वाटी तिरकी केली तरी पाण्याची पातळी आडवीच राहते. चढावर फ्लोट चेंबरमधल्या पेट्रोलचंही तसंच होतं. सपाटीवर नोझलचं तोंड त्या पातळीपेक्षा जेमतेम काही मिलिमीटर वर असतं. चेंबरचा मध्य आणि नोझल यांच्यात ४० मिमी अंतर असेल, तर १५ अंशांच्या चढावर दोघांच्या उंचीत सुमारे १० मिमी फरक पडतो. चेंबर नोझलच्या पुढे, म्हणजे रेडिएटरच्या बाजूला असेल, तर चढावर चेंबर उंच होतो आणि पेट्रोल आपोआप घशात ठिबकू लागतं. मिश्रण रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं, काळा धूर येतो. चेंबर मागे असेल तर नोझल उंच जातं, पेट्रोल तिथवर पोचत नाही आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं.

यातलं काय परवडतं? रिच झालेलं इंजिन थ्रॉटल थोडा धरून ठेवला की कुरकुरत का होईना चढतं. लीन झालेलं इंजिन तुम्ही पाय दाबता त्याच क्षणी बंद पडतं, तेही चढावर, मागे दरी असताना. म्हणून चेंबर पुढेच हवा. उतारावर पुढचा चेंबर थोडा लीन होतो, पण तिथे गाडी गिअरमध्ये असते आणि चाकंच इंजिन फिरवतात.

कार्ब्युरेटर घेताना खिशात स्केल ठेवा. चेंबरचा मध्य ते नोझल हे अंतर मोजा आणि बाकी सगळं सारखं असेल तर कमी अंतराचा नग घ्या. चेंबर घशाच्या दोन्ही बाजूंनी वळसा घालत असेल तर आणखी उत्तम.

अ‍ॅक्सिलरेटरची केबल सरळ यावी म्हणून अ‍ॅडॅप्टर प्लेटवर कार्ब्युरेटर नव्वद अंशांत फिरवून बसवणारे मेकॅनिक बरेच आहेत. तसं कधीही करू देऊ नका. चेंबर बाजूला गेला की गाडी एका कुशीवर कलताच ओव्हरफ्लो होते आणि दुसऱ्या कुशीवर उपाशी राहते. केबलसाठी पन्नास रुपयांची पट्टी वाकवून ब्रॅकेट करा, कार्ब्युरेटर हलवू नका.

बसवल्यावर रॅम्पची चाचणी करा. सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प चालेल, कोन कमी वाटला तर पुढच्या चाकांखाली मजबूत ठोकळे घ्या. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना अडण लावा. इंजिन गरम, एअर क्लीनर काढलेला, आयडलिंगवर दोन मिनिटं. टॉर्चने घशात बघा. नोझलमधून थेंब पडत असतील तर फ्लोटची पातळी एक ते दीड मिलिमीटर खाली घ्या, त्याहून जास्त नाही, नाहीतर सपाटीवर उपासमार सुरू होते. मग गाडीचं तोंड उताराकडे करून तेच, आणि शेवटी एका बाजूची चाकं उंच करून तेच. अग्निशामक हाताशी हवा, आणि जवळपास विडी-सिगारेट कुणाच्याही तोंडात नको. चेंबरची व्हेंट बाहेर उघडत असेल तर तिला नळी लावून एअर क्लीनरमध्ये न्या, म्हणजे कलल्यावर पेट्रोल गरम एक्झॉस्टवर सांडणार नाही.

फ्लोट खाली घेऊनही ठिबकणं थांबत नसेल तर पंपाचा दाब मोजा. वेबरच्या नीडल व्हॉल्व्हला (चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईला) साडेतीन पीएसआयच्या वर सोसत नाही. इंजेक्शनच्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप लावला असेल तर तो आधी काढा.

जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक, त्याचं थोडक्यात. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, हवा थोडी विरळ असते, त्यामुळे मिश्रण इथे किंचित रिच होतं, तीनेक टक्के. पण आता पंपावर मिळणाऱ्या ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे ते सात-आठ टक्के लीन होतं. म्हणजे उंची धरूनही जुने जेट कमीच पडतात. १३० चा मेन जेट असेल तर १३५ लावून बघा आणि प्लगचा रंग तपासा: फिकट तपकिरी हवा, पांढरा नको. त्याच इथेनॉलमुळे जुने रबरी डायफ्राम आणि पेट्रोलच्या नळ्या फुगतात, म्हणून दुरुस्तीचं किट घेताना ते इथेनॉलला चालणारं आहे का, हे विचारूनच घ्या. लेहला जाणार असाल तर बारीक जेटचा एक संच सोबत ठेवा, तिथे ३,५०० मीटरवर हेच मिश्रण खूप रिच होतं.

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जुने नग मिळतात. तिथे थ्रॉटलचा स्पिंडल बोटांनी हलवा. खडखडला तर पुढे चला, कारण तिथून हवा ओढली जाते आणि आयडलिंग कधीच स्थिर होत नाही. फ्लँज (मॅनिफोल्डवर बसणारी खालची कड) काचेवर ठेवून सपाट आहे का तेही बघा.

सगळं जमल्यावर आयडलचा स्क्रू पीयूसीच्या मशीनसमोरच लावा. इतक्या जुन्या चारचाकीला सीओची (धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडची) मर्यादा ३ टक्के आहे. आकडा त्याच्या आत आला की स्क्रूच्या खाचेवर रंगाची खूण करून ठेवा.