मुलाबाळांसह कॅरव्हॅनने नलारबोर ओलांडायचं तर

नलारबोर म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया या दोन राज्यांत पसरलेलं, जवळपास झाडं नसलेलं मैदान. ते ओलांडणाऱ्या एअर हायवेवर पूर्वेच्या सेडुनापासून पश्चिमेच्या नॉर्समनपर्यंतचं अंतर सुमारे १,२०० किलोमीटर आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातला शेवटचा कच्चा तुकडा १९७६ साली डांबरी झाला, त्यामुळे फोर-बाय-फोरची गरज नाही. तरीही रस्त्याकडेला अडकलेली कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, दिसते, आणि तिचं दुखणं बहुतेकदा घरूनच सोबत आलेलं असतं: जादा वजन, टायरमध्ये कमी हवा किंवा वाळलेलं बेअरिंग. म्हणून मेलबर्न किंवा ॲडलेडहून पर्थकडे निघणाऱ्या कुटुंबांनी आधी घरासमोर उभ्या असलेल्या कॅरव्हॅनकडे नीट बघावं.

सामान, पाणी, गॅस, सगळं भरून कॅरव्हॅन सार्वजनिक वजनकाट्यावर न्या. अंदाज करू नका, तो हमखास कमीच निघतो. बंक बेडच्या कॅरव्हॅनमध्ये सामानासाठी अनेकदा ३०० ते ४०० किलोचीच मुभा असते. ८० लिटरच्या दोन टाक्या भरल्या की त्यातले १६० किलो पाण्यातच गेले. टो-बॉलवरचा (गाडीच्या मागे कॅरव्हॅन जोडायच्या गोळ्यावरचा) भार एकूण वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास ठेवा; अडीच टनी कॅरव्हॅनला साधारण २५० किलो. गाडीच्या टो-बारची आणि मागच्या ॲक्सलची मर्यादाही पाहा, कारण ॲक्सलवर या २५० पेक्षा जास्त भार पडतो. जड वस्तू तळाशी आणि चाकांच्या आसपास ठेवा. मागच्या बंपरवर सायकली, जेरीकॅन आणि जादा चाकं लटकवली की पुढचा भार हलका होतो आणि कॅरव्हॅन शेपटीसारखी डोलू लागते.

डोलायला लागलीच तर गाडीचा ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि गाडीतल्या ब्रेक कंट्रोलरचं हाताने चालवायचं बटण दाबून फक्त कॅरव्हॅनचे ब्रेक लावा. दोरी मागून ताणली जावी तशी ती सरळ होते. हे बटण नेमकं कुठे आहे, हे गाडी चालवणाऱ्या दोघांनाही न बघता सापडलं पाहिजे.

बेअरिंगमध्ये ग्रीस भरून वर्ष उलटलं असेल तर ते काम निघण्याआधी करून घ्या. टायरची हवा सकाळी थंड असतानाच मोजा. हवा कमी असली की टायरच्या बाजू सतत दुमडतात, तापतात आणि शेवटी फाटतात. गाडीचा पाना कॅरव्हॅनच्या नटांना बसतो का आणि जॅक तिच्या ॲक्सलखाली जातो का, हे घरीच चाक काढून पाहा. चाक काढलं असेल तर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा. वाटेत प्रत्येक थांब्यावर हाताचा मागचा भाग प्रत्येक हबजवळ, म्हणजे चाकाच्या मध्याजवळ, न्या. एकच हब इतरांपेक्षा खूप गरम लागला, तर तिथलं बेअरिंग तरी जातंय किंवा ब्रेक घासतोय.

जाण्यासाठी मे ते सप्टेंबर हा तिथल्या थंडीचा काळ उत्तम. १९ डिसेंबर २०१९ रोजी नलारबोर इथे ४९.९ अंश तापमान नोंदलं गेलं. लहान मुलांना घेऊन अशा उन्हात जाऊ नये. हिवाळ्यात समुद्रकाठच्या हेड ऑफ बाइटला सदर्न राइट व्हेल पिल्लांसह किनाऱ्यालगत येतात, तेव्हा तिथे अर्धा दिवस तरी द्या. रात्री मात्र पारा शून्याजवळ जाऊ शकतो, म्हणून जाड पांघरुणं हवीतच.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. पिण्या-शिजवण्याला माणशी रोज पाच लिटर धरा. चौघांना चार दिवसांचे ८० लिटर झाले, आणि २० लिटर वेगळ्या कॅनमध्ये राखीव. एकच टाकी फुटली तर सगळं जाऊ नये, म्हणून वेगळा कॅन. सेडुनाला सगळं भरून घ्या. रोडहाऊसवर, म्हणजे वाटेवरच्या पंप-खाणावळींवर, पिण्याचं पाणी नळाला मिळेल असं धरून चालू नका. तिथे ते फार जपून वापरतात. डाळ-तांदूळ कुकरमध्ये एकत्र लावले की पाणी आणि गॅस दोन्ही वाचतात. ताटं आधी कागदाने पुसून मग धुवा.

स्वयंपाकघराचा दुसरा प्रश्न सीमेवर येतो आणि मराठी घरांना तो जास्त जाणवतो. पश्चिमेकडे जाताना दोन राज्यांच्या सीमेवरच्या बॉर्डर व्हिलेजला क्वारंटीनची तपासणी असते. ताजी फळं, भाज्या, मध, बिया, झाडं आणि माती यांवर तिथे निर्बंध आहेत. म्हणजे कडीपत्ता, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, लिंबं आणि कांदे-बटाटे सीमेच्या अलीकडेच संपवायचे. फावड्याला किंवा बुटांना चिकटलेली मातीही झटका. डब्यात काय आहे ते विचारण्याआधीच सांगा. कच्चे शेंगदाणे, अख्खे मूग यांचं काय करायचं ते अधिकारी ठरवतील. शंका नको असेल तर घरूनच भाजलेल्या दाण्यांचं कूट, भाजणी, बेसन, मेतकूट आणि मसाले न्या. पिठलं-भात, थालीपीठ आणि मेतकूट-भातावर चार दिवस मजेत जातात. परतीच्या प्रवासात हीच तपासणी सेडुनाला होते.

इंधनाचे सर्वांत लांब टप्पे तीन: नलारबोर रोडहाऊस ते बॉर्डर व्हिलेज, कायगुना ते बॅलडोनिया आणि बॅलडोनिया ते नॉर्समन. प्रत्येकी १८० ते १९० किलोमीटर. कॅरव्हॅन ओढताना १०० किलोमीटरला १८ लिटर धरले तर एका टप्प्याला ३४ लिटर लागतात. पण पश्चिमेचा वारा समोरून आला की खप २३-२४ लिटरवर जातो. टाकी निम्मी झाली की पुढच्याच पंपावर भरा. काही पंप रात्री बंद असतात. वाऱ्याशी वेग वाढवून भांडू नका. ९० वर आलात तर फरक लगेच कळतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात कॅरव्हॅन ओढताना कमाल वेग १०० आहे.

चार मुक्काम ठरवले की मुलं कंटाळत नाहीत. सेडुना ते नलारबोर रोडहाऊस सुमारे ३०० किलोमीटर, तिथून युक्ला २००, मग कॉकलबिडी २७५, मग बॅलडोनिया २५०. पाचव्या दिवशी नॉर्समन. युक्लाला वाळूत बुडत चाललेलं १८७७ चं तारघर पाहा. कायगुनाच्या पुढे १४६.६ किलोमीटर एकही वळण नाही. तिथे डोळे जड होतात, म्हणून मधल्या विश्रांतीच्या जागी चालक बदला. बॅलडोनियाला १९७९ मध्ये कोसळलेल्या स्कायलॅब या अमेरिकन अंतराळस्थानकाचे अवशेष ठेवले आहेत. गोल्फची एक-दोन साधनं नेली तर वाटेवर पसरलेल्या १८ होलच्या नलारबोर लिंक्स या गोल्फ मैदानावर प्रत्येक थांब्याला मुलांचे पाय मोकळे होतात. समुद्रकाठच्या बुंडा कड्यांवर मात्र मुलांचा हात सोडू नका. कडा खालून पोखरलेला असतो आणि वरून तो भक्कमच दिसतो.

सूर्यास्ताच्या किमान एक तास आधी गाडी उभी करा आणि सूर्य नीट वर आल्यावरच निघा. कांगारू, वोम्बॅट, एमू आणि उंट अंधुक उजेडात रस्त्यावर येतात. प्राणी समोर आला तर ब्रेक लावा, पण स्टिअरिंग झटकन वळवू नका. मागे दोन-अडीच टन वजन असताना तसं केलं तर गाडी उलटते. वेळ सूर्यावरून ठरवा, कारण घड्याळ फसवतं. बॉर्डर व्हिलेज ते कायगुनाच्या किंचित पुढेपर्यंत स्थानिक वेळ जागतिक वेळेच्या ८ तास ४५ मिनिटं पुढे असते. हिवाळ्यात सीमेवर घड्याळ ४५ मिनिटं मागे घ्या आणि कायगुनाजवळ पुन्हा ४५. रोडहाऊसचं स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं, हे पोचताच विचारा.

३६.५ मीटर लांबीची रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक, मागून ओलांडू लागली की वेग स्थिर ठेवा, आणि ती शेजारच्या लेनमध्ये निघाली की किंचित कमी करा. डांबर सोडून कडेच्या खडीवर उतरू नका. ती शेजारून जाताना हवेच्या दाबाने कॅरव्हॅन आधी ढकलली जाते, मग ओढली जाते. दोन्ही हात स्टिअरिंगवर हवेत. यूएचएफ रेडिओ चॅनल ४० वर लावा, म्हणजे ट्रकचालकाशी बोलता येतं. कॅरव्हॅनवाले आपसात १८ वापरतात. चॅनल ५ आणि ३५ फक्त आणीबाणीसाठी आहेत.

मोबाइलची रेंज रोडहाऊसच्या आसपास मिळते, मधल्या लांब पट्ट्यांत नाही. सॅटेलाइट फोन किंवा ४०६ मेगाहर्ट्झचा नोंदणीकृत बीकन (संकटाचा इशारा पाठवणारं यंत्र) हाताशी ठेवा, कॅरव्हॅनच्या कपाटात नको. रस्त्यावर पट्टे रंगवलेले रुंद तुकडे लागतील. त्या फ्लाइंग डॉक्टर या हवाई वैद्यकीय सेवेच्या विमानांसाठी धावपट्ट्या आहेत, तिथे थांबू नका. वाटेत बंद पडलात तर कॅरव्हॅन डांबरापासून दूर घ्या, मुलांना वाहनापासून लांब सावलीत बसवा आणि पाणी तिकडेच न्या. पण गाडी सोडून मदत शोधायला चालत निघू नका, कारण शोधणाऱ्यांना गाडी दिसते, माणूस दिसत नाही.